दर किलोमीटरमागे

वृषाली लांजेवारला तिच्या घडीच्या सायकलीचा दर किलोमीटरमागचा खर्च कोणी विचारला असता, तर तिने तो पैशांपर्यंत सांगितला असता. विचारत कोणी नसे, ही गोष्ट वेगळी. चेन काढून पट्टा बसवला तेव्हा खर्च किती उतरला, छोट्या चाकांना जाड टायर घातल्यावर किती चढला, ब्रेकचे रबर किती महिने पुरले, सगळं तिच्या फोनमध्ये होतं. तिचा नवरा भूषण चांगल्या दिवसांत म्हणायचा, "मी चार हजार टन कोळसा ओढून नेतो, त्याचा एवढा हिशेब रेल्वेही ठेवत नसेल."

भूषण मालगाडीचा लोको पायलट होता. गेल्या दिवाळीनंतर त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि डावी बाजू लुळी पडली. काही आठवड्यांनी तो स्वतःच्या पायांवर घरी आला खरा, पण पुन्हा इंजिनावर चढायचं नाही असं रेल्वेच्या डॉक्टरांनी सांगितलं, आणि त्या दिवसापासून त्याचं बोलणंच आटलं. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीला त्याने आठवड्याभरात वाटेला लावलं. "चेंडू दाबायला लावते. मी काय बालवाडीत आहे?" जानेवारीत एका संध्याकाळी तो वृषालीची सायकल घेऊन इमारतीच्या फाटकाबाहेर गेला आणि वळणावर आडवा झाला. वृषाली धावत गेली. त्याला उठवता उठवता, चार लोकांदेखत, ती जे बोलली ते तिला नंतर आठवायलाही नको वाटे. त्यानंतर त्याने सायकलीचं नाव काढलं नाही.

एकाच पगारावर घर आलं तेव्हा त्यांनी गाडी विकली. मनीषनगरातून मेट्रो स्टेशनापर्यंत सायकल, मेट्रोत तिची घडी, उतरल्यावर सिव्हिल लाइन्सच्या ऑफिसपर्यंत पुन्हा सायकल, असा वृषालीचा रोजचा रस्ता ठरला. ती शहराच्या पाणीपुरवठा खात्यात उपअभियंता होती. उन्हाळ्यात नागपूरची ऑफिसं आता सूर्य उगवताना उघडत आणि दुपारी एकला बंद होत. त्यापुढे संध्याकाळपर्यंत रस्त्यावर निघायला कायद्याने बंदी नव्हती, पण निघत कोणी नसे. वृषाली घरी येई, जेवे, आणि खोली गार करून चार-साडेचारपर्यंत मेल्यासारखी झोपे.

सायकलीत शेवटची सुधारणा तिने फेब्रुवारीत केली. सीताबर्डीतल्या रेवतकरांच्या दुकानातून मागच्या चाकाच्या मधोमध नवा हब बसवून घेतला. हा हब विकत मिळत नसे. तो भाड्याने असे, आणि भाडं चाक जितके किलोमीटर फिरेल त्यावर.

"मॅडम, यात पायांना जितकं जमेल तितकंच करायचं," रेवतकर म्हणाले होते. "कमी पडलं की बाकीचं हा पाहून घेते."

ते खरंच होतं. हबच्या आत, आसाभोवती, एका स्फटिकाचा पातळ थर गुंडाळलेला होता. अशा स्फटिकावर दाब पडला की त्यातून क्षीण वीज निघते. दाब जास्त तर वीज जास्त. पायडलची अर्धी फेरी उजव्या पायाची आणि अर्धी डाव्या पायाची. एवढ्या वेळात हब शेकडो वेळा तो दाब मोजे, आणि जिथे पाय ढिला पडेल तिथे तेवढाच जोर आतली छोटी मोटर लावे. चालवणाऱ्याला वाटे, आज वारा पाठीशी आहे.

पण या मोजमापातून आणखी एक गोष्ट बाहेर आली होती, जी हब बनवणाऱ्यांच्याही ध्यानीमनी नव्हती. प्रत्येक माणसाच्या पायडल मारण्याचा आलेख त्याच्या सहीसारखा ठरलेला असतो, आणि काही आजारांत ती सही माणसाला काहीही कळण्याच्या आधी बदलते. आपल्या स्नायूंमध्ये तंतूंच्या पुष्कळ जुड्या असतात. एकेका जुडीला पाठीच्या कण्यातली एकेक चेतापेशी हलवते. जुड्या लहान असतात आणि आळीपाळीने ओढतात, म्हणून पायाचा जोर सलग येतो. चेतापेशी मरू लागल्या की शेजारच्या जिवंत पेशी त्यांच्या जुड्या सांभाळायला घेतात. ताकद बराच काळ तेवढीच राहते. पण आता थोड्या आणि जाड जुड्या ओढत असतात, त्यामुळे जोर सलग न येता पायऱ्यापायऱ्यांनी येतो. माणसाला ती पायरी जाणवत नाही. हबला दिसते.

हे कळल्यावर कायदा झाला. चालवणाऱ्याचा कच्चा आलेख रोज पुसायचा, कंपनीने ठेवायचा नाही. फक्त आठवड्याची सरासरी चालवणाऱ्याला कळवायची. पुढे काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं.

मार्चमधल्या एका रविवारी वृषालीच्या फोनवर पहिल्यांदा पिवळी ओळ आली. डाव्या पायाचा वाटा कमी, जोर असमान. तिने नवे बूट घेतले होते, त्यामुळे असेल असं म्हणून ती विसरली. पुढच्या रविवारी वाटा आणखी उतरला. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी. एप्रिलमध्ये ओळ तांबडी झाली आणि खाली एक वाक्य आलं: तज्ज्ञांना दाखवावे.

भूषण समोर बसून चहा पीत होता. वृषालीने फोन पालथा ठेवला.

तिची आई भंडाऱ्याला शिक्षिका होती. एका उन्हाळ्यात चालता चालता आईच्या डाव्या पायातली चप्पल मागे राहू लागली. सगळे हसले होते. आईही हसली होती. चार वर्षांनी आईला घास गिळता येत नव्हता.

धंतोलीच्या डॉक्टर मृदुला बोबडे भूषणवर उपचार करत होत्या. वृषालीने ऑफिसच्या गच्चीवर जाऊन त्यांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"हा आजार घराण्यात चालत येतो का, डॉक्टर?"

"दहातल्या एखाद्या घरात. तुमच्या आईची ती तपासणी झाली नव्हती, त्यामुळे मी हो-नाही काही सांगू शकत नाही. तुम्ही या. इथल्या सायकलीवर दहा मिनिटं पायडल मारा, मी तुमचा कच्चा आलेख बघते. सरासरी ऐकून फोनवर मी काही बोलणार नाही."

"आणि निघाला तर?"

"आता औषधं आहेत. आजाराचा वेग कमी करतात."

"थांबवतात?"

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. "थांबवत नाहीत. पण लवकर आलात तर हातात बराच काळ राहतो."

पुढच्या आठवड्यात येते, असं वृषाली म्हणाली. पुढच्या आठवड्यात ती गेली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. दहा मिनिटांचंच काम होतं, पण त्या दहा मिनिटांनंतर परत मागे येता येणार नव्हतं. तिला पायात काहीच जाणवत नव्हतं, आणि त्याचा तिला आधार वाटत नव्हता, कारण कमी पडेल तेवढं हब गुपचूप भरून काढत होता. जाणवणार कसं? मग ती स्वतःच तपासू लागली. जिना चढताना डाव्या पायाकडे बघू लागली. डाव्या पायावर उभी राहून दात घासू लागली. कधी जमे, कधी तोल जाई, आणि तोल गेला की तो सगळा दिवस वाया जाई.

भूषणला तिने सांगितलं नाही. आधीच तो खिडकीशी बसून असायचा. त्याच्यासमोर आणखी काय नेऊन टाकायचं? त्याऐवजी तिने दुसरंच काम काढलं. आपण गेलो तर, किंवा आपल्यालाच खुर्चीत बसावं लागलं तर, हा माणूस एकटा निभावला पाहिजे. तिने त्याला बँकेची कामं शिकवली, विजेचं बिल, सिलिंडर, पाण्याच्या मशीनची जाळी कधी बदलायची ते. संध्याकाळी ती त्याला ओट्याशी उभं करू लागली.

"डाव्या हाताने कुकर धर आणि उजव्याने झाकण फिरव."

"नाही धरल्या जात."

"जाईल. धर."

त्याने धरला. कुकर घसरला, पुन्हा धरला, झाकण बसलं. तो दम खात म्हणाला, "एवढी घाई काऊन करून राहिली तू?"

"माणसाला कुकर लावता आला पाहिजे."

"तू आहेस ना."

वृषाली वळली आणि डाळ धुऊ लागली. ती आधीच धुतलेली होती.

त्याच आठवड्यात ऑफिसात तिच्यापुढे बढती आली. अमरावतीच्या नव्या पाणी योजनेवर कार्यकारी अभियंता. या जागेची वाट तिने सहा वर्षं पाहिली होती. साहेबांना तिने मे अखेरपर्यंत मुदत मागितली आणि घरी बोलली नाही. पण घरी ते तिच्याआधी पोचलं होतं.

"तुझ्या ऑफिसातल्या चौधरीचा फोन आला होता," जेवताना भूषण म्हणाला. "अभिनंदन करून राहिला. अमरावती म्हणे."

"मी काही ठरवलं नाही अजून."

"जा ना मग. चांगली जागा आहे."

"बघू."

तिला वाटलं तो आणखी काही विचारेल. त्याने ताट उचललं, डाव्या हाताने कडेला आधार देत ते मोरीत नेऊन ठेवलं आणि खिडकीशी जाऊन बसला. हा आणखीनच खचला, असं वृषालीच्या मनात आलं. त्या रविवारच्या अहवालात डाव्या पायाचा वाटा पूर्वी कधी नव्हता इतका खाली गेला होता.

मे महिन्यात हबचं बिल आलं ते पाहून ती भडकली. ऑफिस तिला प्रवासभत्ता देई तो फोनच्या नकाशावरून, म्हणजे ती रस्त्याने जितकी गेली तितक्या किलोमीटरचा. कंपनी भाडं लावी ते चाक जितकं फिरलं त्याचं. सुरुवातीला दोन्ही आकडे जवळपास सारखे असत. आता चाकाचे किलोमीटर नकाशाच्या जवळजवळ दुप्पट झाले होते आणि वरचे पैसे तिच्या खिशातून जात होते. एरवी तिने हे महिन्याभरात पकडलं असतं. पण एप्रिलपासून तिने फोनमधला सायकलीचा खर्च उघडूनच पाहिला नव्हता. त्यात शेजारीच तो रविवारचा अहवाल असे.

ऑफिसमधून सुटल्यावर ती तडक रेवतकरांच्या दुकानात गेली. "तुमचा हब खोटं मोजतो."

रेवतकरांनी वाद घातला नाही. सायकल स्टँडवर चढवली, चाकावर खडूने खूण केली, शंभर फेरे फिरवले आणि हबचा आकडा तिला दाखवला. बरोबर होता. मग तिचा फोन घेऊन ते रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन आले. नकाशाही बरोबर होता.

"दोन्ही बरोबर आहे, मॅडम," ते घाम पुसत म्हणाले. "मला काही समजून नाही राहिलं."

वृषालीला मात्र हा प्रकार ओळखीचा वाटला. तिची सगळी नोकरी यातच गेली होती. टाकीतून निघतानाचा मीटर बरोबर, घरोघरचे मीटर बरोबर, आणि तरी पाणी कमी भरतं, तेव्हा मीटरवर चिडून उपयोग नसतो. मध्ये कोणीतरी नळ जोडून घेतलेला असतो.

"चाक कोणत्या वेळेला फिरलं ते दिसतं का यात?"

"भाड्यासाठी तेवढं ठेवतात." रेवतकरांनी पडद्यावर काढून दिलं.

सकाळी ती ऑफिसला जाताना, एकनंतर परतताना, आणि मग रोज अडीच ते चार. रविवारीसुद्धा. त्या वेळी ती झोपलेली असे, आणि सायकल घरात, दाराशी, चपलांच्या फळीशेजारी घडी करून ठेवलेली असे. नकाशावर त्या वेळची एक रेघही नव्हती. फोन तर तिच्या उशाशी असे. पण हबमध्येही स्वतःचा नकाशा होता आणि त्यातही काही नव्हतं. त्याला आकाश लागतं, उपग्रह दिसावे लागतात. डोक्यावर स्लॅब असेल तर रेघ उमटत नाही. इमारतीच्या खाली तळघर होतं, पार्किंगचं. आणि दुपारी घरात ती सोडून एकच माणूस असे.

ती रेवतकरांच्या स्टुलावर बसली. त्यांनी पाणी आणून दिलं. पाणी तसंच हातात धरून तिने पडद्यावर दोन आकडे शेजारी शेजारी लावले: दर आठवड्याला तळघरातले किलोमीटर, आणि दर आठवड्याला डाव्या पायाचा वाटा. पहिला चढत होता, तसतसा दुसरा उतरत होता, एकही आठवडा न चुकता. एका नळाला दोन टाक्यांचं पाणी येत असेल आणि त्यातल्या एकीचं खारट असेल, तर तिच्यातून जितकं जास्त सोडावं तितका नळ खारट होत जातो. गोड्या टाकीला काही झालेलं नसतं.

"बरं नाही वाटत का, मॅडम?"

"वाटतं," वृषाली म्हणाली, आणि पाणी प्यायली. पण आनंद करायची तिची हिंमत होईना. आकडे जुळले म्हणजे पाहिलं असं होत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती नेहमीसारखी आडवी झाली आणि डोळे मिटून राहिली. खूप वेळाने दाराशी कडी सरकल्याचा आवाज आला, मग लिफ्टचा. ती उठली आणि अनवाणीच जिन्याने खाली गेली.

तळघर गार होतं आणि बरंचसं रिकामं. पूर्वी इथे गाड्या लावायला भांडणं होत. आता अर्ध्याहून अधिक घरांनी गाड्या काढून टाकल्या होत्या. उताराच्या पायथ्याशी वॉचमन ढोमणे खुर्ची टाकून बसला होता. तिला पाहून तो गडबडून उठू लागला. तिने त्याला हातानेच बसवलं.

खांबांच्या दोन रांगांमधून भूषण सायकल चालवत येत होता. अंगात बनियन आणि नोकरीतली जुनी निळी पँट. डावा गुडघा थोडा बाहेर फेकला जात होता, पण फेरी पुरी होत होती. आणि तो बोलत होता. रेल्वेत सिग्नल दिसला की लोको पायलटने तो हात करून मोठ्याने सांगायचा असतो, तसा तो प्रत्येक खांबाला सिग्नल समजून त्याचं नाव आणि रंग सांगत होता. "होम, हिरवा." पुढचा खांब. "स्टार्टर, हिरवा." आणि दर वेळी हँडलवरून हात उचलून खांबाकडे करत होता. डावा हात. दिवाळीपासून वृषालीने तो हात छातीच्या वर गेलेला पाहिला नव्हता.

शेवटच्या खांबाशी वळताना त्याला ती दिसली. त्याने ब्रेक लावला, पाय टेकले, आणि तिथूनच म्हणाला, "ओरडू नको."

वृषाली उताराच्या कठड्यावर बसली. तिला हसू येत होतं आणि त्याच वेळी डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि दोन्ही थांबत नव्हतं. ढोमणे उठून फाटकाकडे निघून गेला.

भूषण सायकल ढकलत जवळ आला. "पडलो नाही एकदाही. विचार ढोमणेला. हे नवीन चाक पडूच देत नाही. जिथे पाय मरतो तिथे तेच ओढते."

"कधीपासून?"

"हब आणला तेव्हापासून. पहिले एक चक्करही नव्हती होत."

"आणि घडी? ती तर दोन हातांशिवाय होत नाही."

"तीच तर पहिले शिकलो. एका घडीला पाऊण तास लागला होता." तो तिच्या शेजारी टेकला. "ती पोरगी चेंडू दाबायला लावे, त्यात काही मन लागत नव्हतं. यात काही तरी चालून राहिलं असं वाटते."

"मला का नाही सांगितलं?"

तो समोरच्या खांबाकडे बघत होता. "आधी तू ओरडशील म्हणून. मग तू कुकर शिकवायला लागली. बँक, सिलिंडर. मग अमरावतीचं कळलं. मी म्हटलं, ही एकटी जायच्या तयारीला लागली. मला इथे नीट लावून देऊन जाते. चूक नाही तुझी, किती दिवस ओढशील. पण म्हटलं, जायच्या आधी हिला दाखवावं, की सोबत नेण्यासारखा आहे अजून. म्हणून वाढवली चक्करं."

मग वृषालीने सांगितलं. पिवळी ओळ, तांबडी ओळ, डॉक्टरांचा फोन, गेली नाही ते, दात घासताना एका पायावर उभं राहणं. तो ऐकत गेला आणि त्याचा चेहरा उतरत गेला. सासूबाईंचा शेवट त्यानेही पाहिला होता.

"दोन महिने तू एकटीच हे घेऊन फिरून राहिली?"

"तूही एकटाच फिरत होतास."

"मी गोल फिरून राहिलो होतो. त्याची नि याची काय बरोबरी?" तो चिडला होता, आणि हळू आवाजात चिडला की तो खरा चिडलेला असे. "मी आजारी आहे म्हणून मला सांगायचं नाही. मी मेलो नाही ना."

"नाही," वृषाली म्हणाली. "चुकलं माझं."

मग तिने त्याला सरासरीचं समजावलं. हबच्या लेखी सायकलीवर एकच माणूस होता. त्याचे किलोमीटर कमी होते तोवर त्याचा पाय तिच्या पायात विरघळून जाई. तो जास्त चालवू लागला तसा आकड्यात त्याचा वाटा वाढला, आणि डावा पाय खाली खाली जात राहिला. तो बरा होत होता म्हणूनच आकडा बिघडत होता. आणि आकडा बिघडला की ती त्याला आणखी काहीतरी शिकवायला घेई, आणि ती शिकवायला लागली की तो आणखी फेऱ्या मारी.

भूषणने हे सगळं डोक्यात एकदा फिरवून पाहिलं. "म्हणजे मी खिडकीशी बसून राहिलो असतो, तर तू बरी झाली असती."

"ठणठणीत."

तो हसला. डाव्या बाजूने ओठ अजून पुरता वर जात नव्हता, पण हसू त्याचंच होतं.

"उद्या डॉक्टरकडे जाऊ," तो म्हणाला. "माझ्या पायाने तुझा आकडा बिघडला हे खरं. पण तुझा एकटीचा कसा आहे ते कोणी पाहिलं?"

तेच तिच्याही मनात होतं, आणि ते त्याने बोलून दाखवलं म्हणून तिला बरं वाटलं.

धंतोलीच्या दवाखान्यातली सायकल जमिनीला ठोकलेली होती. तिला चाकंच नव्हती, नुसता हब आणि पायडल. वृषाली तिच्यावर बसली. दहा मिनिटं ती समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत पायडल मारत राहिली. भूषण दाराशी उभा होता. बाहेर बसायला सांगितलं तरी तो गेला नव्हता.

डॉक्टर बोबडे यांनी आलेख मोठा करून पाहिला, मग आणखी मोठा. त्यांना लागलेला वेळ वृषालीला फार वाटला. शेवटी त्यांनी पडदा तिच्याकडे फिरवला. दोन उंचवटे, उजव्या पायाचा आणि डाव्या पायाचा, गुळगुळीत आणि जवळजवळ जुळे.

"सलग आहे," डॉक्टर म्हणाल्या. "कुठे पायरी नाही. मी तुम्हाला आणखी एक सुईची तपासणी करायला सांगेन, ती रीतीची म्हणून. पण मला इथे काळजीचं काही दिसत नाही."

"मग जोर असमान आहे असं तो का सांगत होता?"

डॉक्टरांनी भूषणला सायकलीवर बसवलं आणि त्याचा आलेख तिच्या आलेखावर ठेवला. त्याच्या डाव्या पायाचा उंचवटा उशिरा उठत होता आणि बुटका होता. दोन रेघा एकमेकींवर पडल्या तशी मध्ये करवतीसारखी कडा दिसू लागली. "दोघांच्या सह्या एकाच जागी केल्या, की हात थरथरतोय असंच वाटतं. कच्चा आलेख असता तर मला पाहताक्षणी कळलं असतं. म्हणून म्हटलं होतं, या. वर्षातून एकदा येत जा, आणि भीती वाटली तर लगेच या. फोनवर विचारून घरी बसू नका."

मग त्या भूषणकडे वळल्या. "आणि तुम्ही. मी डिसेंबरात अशी सायकल सांगितली असती तर चालवली असती?"

"नाही जी."

"तेच." त्यांनी त्याची आधीची नोंद काढून आजच्या आलेखाशी ताडली. "इतकं परत येईल असं मला वाटलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "आता हबमध्ये दोन नावं टाका. आणि रस्त्यावर गेलात तर हेल्मेट घालून, गर्दी नसताना."

ते बाहेर आले तेव्हा नऊ वाजत होते. ऊन चढलं होतं, पण अजून सोसवत होतं. वृषालीने ऑफिसला सुट्टी सांगितली होती. भूषणने सायकलीची घडी उलगडली, सीट वर ओढली आणि कळ दाबून पक्की केली. ती मदतीला पुढे झाली नाही. हे तिला जमायला जड गेलं.

"रहाटे कॉलनीच्या स्टेशनापर्यंत नेतो," तो म्हणाला.

"रस्त्याने?"

"तळघर नाही इथे."

तिने पिशवीतून हेल्मेट काढून दिलं. तो निघाला, आणि ती फुटपाथवरून त्याच्या बरोबरीने चालू लागली. दवाखान्याच्या गल्लीत मोटारी नव्हत्या, दोन रिक्षा आणि एक दूधवाला एवढंच.

"अमरावतीला मेट्रो आहे का?" त्याने पुढे बघतच विचारलं.

"नाही."

"मग घर ऑफिसच्या जवळ पाहावं लागेल. आणि मला एक वेगळी सायकल. ही तुझी फार बुटकी आहे, पाठ धरते."

"खर्च किती येईल माहीत आहे?"

"तू सांगशीलच."

चौकात सिग्नल तांबडा होता. भूषण थांबला. वृषाली फुटपाथच्या टोकाशी उभी राहिली आणि तिने पाहिलं, त्याने खाली टेकला होता तो डावा पाय. सगळा भार त्याच्यावर होता आणि तो हलत नव्हता. मागे एक रिक्षा येऊन खेटली आणि तिने हॉर्न दिला. भूषणने मागे वळून पाहिलं नाही. सिग्नल बदलला, त्याने पायडल मारलं, एकदा हेलकावला आणि चौक ओलांडून सरळ निघाला, तिला वाटलं होतं त्यापेक्षा बराच जोरात.

"अरे थांब," ती म्हणाली, पण तेवढ्याने काही तो थांबणार नव्हता. मग तिने पिशवी काखेत मारली आणि त्याला गाठायला भर रस्त्यातून धावत सुटली. स्टेशनाच्या पायऱ्यांशी पोचून दम खात उभी राहिली, तेव्हा तिच्या ध्यानात आलं की इतकं अंतर ती धावत आली आणि आपल्या पायांकडे तिने एकदाही पाहिलं नाही.